आधी तिथी, मग तारीख: कोकणात राहून चित्रपट-मालिकांचं प्रॉडक्शन कसं शिकाल

माझं पहिलं स्वतंत्र शेड्यूल पौर्णिमेच्या दिवशी बुडालं. अक्षरशः बुडालं. मालवणजवळच्या तोंडवळीच्या किनाऱ्यावर दोन भावांच्या भांडणाचा तीन पानांचा सीन होता. सकाळी आठला वाइड शॉट घेतला तेव्हा मागे भलीमोठी वाळू होती. अकराच्या सुमारास पाणी ट्रॉलीच्या रुळांपर्यंत आलं आणि आम्ही रूळ उचलून सुरूच्या बनाकडे पळालो. दोननंतर पाणी मागे सरलं, पण तोवर सूर्य डोक्यावरून समुद्राच्या बाजूला गेला होता. सकाळी उजळलेले चेहरे आता काळवंडले. त्या सीनचे दोन अर्धे आजही एकमेकांशी जुळत नाहीत. जाळं विणत बसलेला एक म्हातारा दिवसभर आमची धावपळ बघत होता. पॅकअप झाल्यावर म्हणाला, "आज पुनव. कोणाक तरी इचारूक व्हया होता मां."

प्रॉडक्शनचं काम त्या एका वाक्यात मावतं. कुणाला, काय आणि किती दिवस आधी विचारायचं हे ज्याला कळलं त्याचं शूटिंग पार पडतं. मुंबईत दहा वर्षं मालिका आणि चित्रपटांच्या प्रॉडक्शनमध्ये काढून मी मालवणला परतलो. आता जिल्ह्यातली मुलं विचारतात, "यात शिरायचं कसं?" त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथे लिहितोय.

दार कुठलं

आधी माणसं ओळखा. निर्माता पैसा उभा करतो आणि चित्रपटाचे हक्क त्याच्याकडे असतात. एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर त्याच्या वतीने सगळ्यावर नजर ठेवतो. लाइन प्रोड्यूसर ठरलेल्या पैशात, ठरलेल्या दिवसांत शूटिंग करून देतो. त्याच्या हाताखाली प्रॉडक्शन मॅनेजर, मग प्रॉडक्शन असिस्टंट, मग सेटवर चहापाणी आणि पडेल ते काम बघणारा स्पॉट दादा. दिग्दर्शकाच्या बाजूचा पहिला सहायक, म्हणजे फर्स्ट एडी, हा तुमचा जोडीदार. शेड्यूल तुम्ही दोघांनी मिळून करायचं असतं आणि भांडणंही त्याच्याशीच सगळ्यात जास्त होतात.

कोकणातल्या मुलासाठी या उतरंडीत एक बाजूचं दार आहे: लोकेशन को-ऑर्डिनेटर. बाहेरून युनिट येतं तेव्हा कुणाचा वाडा रिकामा आहे, कुठल्या पाणंदीतून टेम्पो जातो, तीस जणांचं जेवण कोण करील, हे सांगणारा माणूस त्यांना लागतो. सावंतवाडीजवळ आकेरीत एका वाड्यात मालिकेचं शूटिंग झालं आणि पुढे लोक तो वाडा बघायला येऊ लागले. त्यानंतर ही मागणी वाढली. हे काम घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. कॉलशीट, म्हणजे उद्याच्या कामाचा कागद, मागून वाचा, संध्याकाळी व्हाउचर लिहायला बसा, हिशेब कसा लागतो ते बघा.

रीतसर शिकायचं असेल तर पुण्याची एफटीआयआय ही चित्रपट-टेलिव्हिजन संस्था 1960 पासून आहे. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत चित्रपट आणि टेलिव्हिजनच्या निर्मितीचाच स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, प्रवेश परीक्षा देऊन मिळतो. शिवाय इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, 2004 पासून गोव्यात स्थिरावला आहे आणि महोत्सवाच्याच दिवसांत नोव्हेंबरात 2007 पासून तिथे फिल्म बाजार भरतो. निर्माते आपले प्रकल्प घेऊन पैसे आणि भागीदार शोधायला येतात. सिंधुदुर्गातल्या पोरांना पणजी मुंबईपेक्षा कितीतरी जवळ, तरी जाणारे फार थोडे. एकदा जाऊन नुसतं ऐका, लोक आपली गोष्ट पाच मिनिटांत कशी मांडतात ते. माझं मत विचाराल तर कोर्सआधी दोन आउटडोअर शेड्यूल्समध्ये असिस्टंट म्हणून घाम गाळा. मग वर्गात शिकवलेलं कशाला लागू पडतं ते कळतं.

पटकथा फोडा

पटकथा हातात आली की पहिलं वाचन गोष्टीसाठी, दुसरं कामासाठी. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. प्रत्येक सीनची लांबी पानाच्या आठव्या भागात मोजतात, म्हणजे सव्वा पानाचा सीन एक पूर्णांक दोन अष्टमांश. मग सीनमध्ये दिसणारी, ऐकू येणारी आणि लागणारी प्रत्येक गोष्ट वेगळी लिहायची. यालाच ब्रेकडाउन म्हणतात. एक नमुना बघा:

"सीन 14. किनारा, सकाळ. आजी आणि नऊ वर्षांचा नातू रापण ओढणाऱ्यांजवळ येतात. बारा माणसं दोर ओढतायत. एक होडी. मागे कुत्रा फिरतोय. नातू दोराला हात लावतो."

लेखकाने चार ओळी लिहिल्या. तुम्ही काय लिहाल?

नातू नऊ वर्षांचा. म्हणजे बालकलाकार, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. 2017 साली सुधारलेल्या बालकामगार नियमांप्रमाणे त्याच्याकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि त्याच्या कमाईतली किमान 20 टक्के रक्कम त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेवीत जाते. त्याच्यासोबत पालक येणार, म्हणजे एक खोली आणि जेवणाची दोन ताटं वाढली. शाळा चुकते का तेही बघायचं.

रापण. होडीतून अर्धगोलाकार जाळं टाकतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून तासन्‌तास ओढतात. जाळं वर आलं की संपलं, रिटेक नाही. बारा कलाकार आणून उभे केले तर दोर धरायची पद्धतच चुकते, गावातलं शेंबडं पोरही हसेल. तेव्हा खरे रापणकर घ्या. पण त्यांच्यात मासळीचे वाटे असतात, त्या दिवशी मिळकत बुडाली तर सगळ्यांची बुडते. मजुरी माणशी न ठरवता रापण संघाशी बोलून दिवसाची एकच रक्कम ठरवा, आणि जाळ्यात आलेली मासळी त्यांचीच राहील हे आधीच सांगा. दोन कॅमेरे लावा.

कुत्रा. चित्रपटात प्राणी दिसला की ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची आधी परवानगी आणि नंतर ना-हरकत पत्र लागतं, नाहीतर सेन्सॉरकडे अडकतं. मी दिग्दर्शकाला विचारलं, "कुत्रा गोष्टीत काय करतो?" तो म्हणाला, "काही नाही, वातावरण." कुत्रा गेला. अशा ठिकाणी कापायला कचरू नका. मात्र कुत्र्यावाचून गोष्टच लंगडी होत असेल तर अर्ज लवकर टाका.

असे सगळे सीन फुटले की ते लोकेशनप्रमाणे, मग दिवस-रात्रीप्रमाणे, मग कलाकारांच्या तारखांप्रमाणे लावायचे. आणि इथे कोकण आपलं डोकं वर काढतं.

पंचांग टेबलावर ठेवा

मुंबईत शेड्यूल एक्सेलवर होतं. इथे आधी पंचांग उघडा.

भरतीचा जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला किंवा अमावस्येला सव्वाअकराला. सव्वासहा तासांनी ओहोटी, पुन्हा तितक्याच वेळाने भरती, आणि दररोज वेळ पंचेचाळीस-पन्नास मिनिटं पुढे सरकते. हा अंदाज आहे. मुंबईपेक्षा मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती थोडी आधी येते, म्हणून शेवटी भरतीचं वेळापत्रक बघूनच कॉल टाइम, म्हणजे सेटवर पोचायची वेळ, लिहायचा. पण कुणी "अठरा तारखेला चालेल का?" असं फोनवर विचारलं तर तिथल्या तिथे उत्तर देता यायला हवं.

पुनवेला-अमावस्येला उधाण, पाणी खूप आत येतं आणि खूप बाहेर जातं. अष्टमी ते दशमीच्या भांगात ते फार हलत नाही. संवादाचा लांब सीन वाळूवर असेल तर भांगाचे दिवस घ्या, दिवसभर पाठीमागचा समुद्र जवळजवळ तिथेच राहतो. लाटा खडकावर फुटतायत असा शॉट हवा असेल तर उधाण. तोंडवळीला मी याच्या नेमकं उलट केलं होतं.

आणखी एक, हसू नका, दोन वेळा घडलेलं आहे: पटकथेत "समुद्रातून सूर्य उगवतो" असं येतं. आपल्याकडे तो सह्याद्रीमागून उगवतो आणि समुद्रात मावळतो. उगवता सूर्य हवाच असेल तर मावळतीला शूट करा, पण मग पक्षी, होड्या आणि माणसांची चाल सकाळची वाटेल हे सांभाळा.

पावसाचं गणित वेगळं. मिरगाचा पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तळकोकणात येतो. यांत्रिक नौकांची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, त्या काळात बंदरात होड्या शाकारून ठेवलेल्या दिसतील, समुद्रात जाताना नाहीत. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणारी होडीही पावसाळ्यात बंद. ऑक्टोबरात दुपारनंतर गडगडाटाच्या सरी. तेव्हा बाहेरचं काम नोव्हेंबर ते मार्च.

पण माणसं केव्हा मिळत नाहीत, त्याचंही कॅलेंडर आहे. तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू आणि दशावतारी कंपन्यांचे रात्री-रात्री नाटकांचे दौरे. एखादा दशावतारी कलाकार सकाळी सातला सेटवर हवा असेल तर आदल्या रात्री त्याचं नाटक कुठे आहे ते विचारा. शिमग्यात पालखी घरोघर फिरते, तेव्हा कुणी तुमच्यासाठी घर रिकामं करणार नाही. मे महिन्यात आंब्याच्या बागेत मजूर आणि घरात चाकरमानी. गणपतीत तर शूटिंगचं नावच काढू नका. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख कॅलेंडरवर छापलेली नसते, देवीचा कौल घेऊन ठरते, आणि ठरली की मालवण-कणकवलीच्या खोल्या भरल्याच समजा. मी हिवाळ्याचं बुकिंग करताना लॉजवाल्याला आधीच सांगून ठेवतो की जत्रा आमच्या तारखांत आली तरी खोल्या माझ्याच.

एका दिवसाची किंमत काढा

बजेटचे साचे भरपूर मिळतील. त्यांच्याआधी एकच आकडा काढायला शिका: शूटिंगचा एक दिवस कितीला पडतो. समजा तीस जणांचं छोटं युनिट आहे. आकडे मी हिशेबासाठी धरतोय, तुमचे वेगळे येतील.

नाश्ता, दोन जेवणं, चहा धरून माणशी 350 म्हणजे 10,500. पंधरा खोल्या दीड हजाराने, 22,500. कॅमेरा, लाइट आणि साउंड मिळून 35,000. सगळ्यांची मजुरी 60,000. चार गाड्या साडेतीन हजाराने, 14,000. जनरेटर आणि गाड्यांचं डिझेल 8,000. बेरीज दीड लाख. बारा तासांच्या शिफ्टमध्ये एक तास साडेबारा हजारांचा.

हा आकडा कळला की निर्णय सोपे होतात. कलाकार वेळेत पोचावा म्हणून दीड हजाराची जादा गाडी द्यायची का? द्या. चौथ्यांदा तोच शॉट वेगळ्या लेन्सने घ्यायला अर्धा तास? दिग्दर्शकाला सांगा, सहा हजार लागतील, हवाच असेल तर घेऊ. मग तो नीट विचार करून सांगतो, आणि हवाच असेल तर तुम्ही मुकाट्याने द्यायचं.

कोकणात दोन ओळी लोक हमखास विसरतात. पहिली प्रवासाची. सामान मुंबईहून आलं तर येण्या-जाण्याचे दोन दिवसही भाड्यात लागतात, अर्धे का होईना. लाइट कोल्हापूरहून घाट उतरून आणणं बरेचदा स्वस्त पडतं. गोव्याहून आणलं तर भाड्याच्या सामानाचं डिलिव्हरी चलन आणि लागू असेल तिथे ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटीचा कागद) गाडीत ठेवा, नाहीतर हद्दीवरच्या बांद्याला गाडी उभी राहील आणि साडेबारा हजारांचे तास निघून जातील. दुसरी ओळ केबलची. वाडीत जनरेटरची गाडी शिरत नाही, ती डांबरी रस्त्यावर उभी राहणार. रेकीला, म्हणजे जागा बघायला, जाताना तिथपासून घरापर्यंतचं अंतर पावलांनी मोजा आणि तेवढी केबल मागवा.

एकूण खर्चाच्या वर दहा टक्के आकस्मिक म्हणून बाजूला ठेवा आणि ते आहेत हे कुणाला सांगू नका. टीडीएस कापायचा असतो, बिलं हवी असतात. नारळ-सुपारीची, होडीवाल्याची पावती मिळत नाही तिथे व्हाउचरवर नाव, काम, रक्कम आणि सही त्याच दिवशी. रात्री दमून "उद्या लिहू" म्हटलेलं व्हाउचर पुढे कधीच लिहून होत नाही.

परवानग्या

महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाकडे एक खिडकी योजनेतून अर्ज करता येतो, तिथून सुरुवात करा. बंदर आणि जेट्टीसाठी मेरीटाइम बोर्ड, जंगलासाठी वनखातं. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि जंजिरा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत, त्यांची परवानगी वेगळी आणि वेळखाऊ. गोव्याची हद्द ओलांडलीत तर तिथली एंटरटेन्मेंट सोसायटी. ड्रोनला 2021 चे नियम लागू आहेत. हिरवा, पिवळा, लाल असा नकाशा बघितल्याशिवाय उडवू नका, चिपी विमानतळामुळे मालवण-वेंगुर्ल्याकडे तर नक्कीच. युनिटमध्ये दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवी. तिची नावं आणि फोन कॉलशीटवर छापा.

कागदावरची परवानगी आणि गावाची परवानगी या दोन गोष्टी आहेत. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला घ्याच, पण देवळाच्या मानकऱ्यांनाही भेटा. नारळ ठेवायचा असेल तर नारळ, गाऱ्हाणं घालायचं असेल तर गाऱ्हाणं. युनिटमधल्या कुणाचा विश्वास असो नसो, गाव तुमच्या पाठीशी उभं राहतं. घराचा करार मात्र लेखी: कुठली खोली, किती दिवस, किती पैसे, काय हलवणार, काय रंगवणार. पहिल्या दिवशी प्रत्येक कोपऱ्याचा फोटो काढा. परुळ्याजवळच्या एका घरी मी करार वाचून दाखवत होतो, तर आजी मध्येच म्हणाली, "पैशे ऱ्हवांदेत, जाताना माझा खळा सारवून देवा." खळा म्हणजे घरापुढचं अंगण. करारात ते कलम मी हाताने लिहिलं.

हक्कांचं एक वाक्यात: गोष्ट कुणाची, संगीत कुणाचं, कलाकाराने सही केली का, हे शूटिंगआधी कागदावर नसेल तर चित्रपट विकला जाताना सगळं बाहेर येतं. पटकथा स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा, चित्रपटाचं नाव निर्मात्यांच्या संघटनेकडे.

मालिका असेल तर

मालिकेत दिवसाचं गणित क्रूर असतं. अर्ध्या तासाचा एपिसोड म्हणजे बावीसेक मिनिटं, आठवड्याला सहा, म्हणजे एक युनिट जवळजवळ रोज एक एपिसोड गिळतं. चित्रपटात दिवसाला दोन-तीन पानं झाली तर चांगलं म्हणतात, इथे वीस. म्हणून बँक, म्हणजे हातात तयार असलेले एपिसोड, ही तुमची खरी संपत्ती. गुरुवारी टीआरपी येतो, संध्याकाळी चॅनलचा फोन येतो, शुक्रवारी गोष्ट वळण घेते आणि शेड्यूल परत मांडावं लागतं. कोकणातल्या मालिकेने मे संपायच्या आत बाहेरचे जाणं-येणं, होडी, बाजार असे शॉट साठवून ठेवावेत, जून-जुलैत माजघर आणि पडवी. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की संवाद ऐकू येत नाही, तेव्हा कौलारू घर घ्या.

सेटवर

कॉलशीट आदल्या संध्याकाळी सातच्या आत प्रत्येकाच्या फोनवर. त्यात कॉल टाइम, सीन, भरतीची वेळ, सूर्यास्त, जवळचं सरकारी रुग्णालय आणि रेंज नसेल तर भेटायची जागा. पाण्यातल्या सीनला स्थानिक पोहणारे आणि लाइफ जॅकेट असल्याशिवाय कॅमेरा सुरू होऊ देऊ नका, इथे दिग्दर्शकाचंही ऐकायचं नाही. खारं वारं लेन्सवर चिकटतं, दर दुपारी पुसायला एक माणूस नेमा. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड रिकामं करण्याआधी फुटेजच्या दोन वेगळ्या डिस्कवर दोन प्रती, आणि त्या दोन डिस्क रात्री दोन वेगळ्या खोल्यांत.

रात्री जेवणाआधी रोजचा अहवाल: पहिला शॉट किती वाजता, किती सीन, किती पानं, किती वेळ कशामुळे गेला. "उशीर" एवढंच लिहू नका. "होडीवाला 40 मिनिटं उशिरा, डिझेल नव्हतं" असं लिहा. मग उद्या डिझेल तुम्हीच नेता.

शूटिंगनंतरचं संकलन, आवाज, सेन्सॉरकडे यू, यूए (7+, 13+ किंवा 16+) किंवा ए प्रमाणपत्र, हे सगळं मुंबईतही करता येईल आणि त्यावर वेगळा लेख लागेल. कोकणातलं शेवटचं काम मात्र युनिट निघून गेल्यावर सुरू होतं. पहिल्या दिवशीचे फोटो घेऊन घरभर फिरा. मोडलेलं कौल, दोरीने कापलेली माडाची साल, भिंतीत राहिलेला खिळा. किराणावाल्याची उधारी, होडीवाल्याचे उरलेले पैसे. परुळ्याच्या घरी युनिट रात्री गेलं, मी थांबलो. सकाळी वाडीतल्या दोघी बायका शेण घेऊन आल्या आणि खळा सारवून झाला. आजी पडवीत उभी राहून बघत होती. म्हणाली, "त्या कोपऱ्यात ऱ्हवला."